ऑर्फाबाईंच्या परसातली बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. डेल्बर्ट योकम माझा मेव्हणा, त्याची बायको लोर्ना माझी सख्खी धाकटी बहीण. ऐकीव सांगत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोळा ऑक्टोबर, गुरुवार. डेल्बर्ट गावातल्या म्हाताऱ्या ऑर्फाबाईंच्या परसात जुन्या संडासाचा खड्डा उकरायला गेला. पूर्वी लोक चोरून प्यायचे आणि रिकामी बाटली तिथंच टाकायचे. जुनी काच शोधणारे म्हणूनच असले खड्डे हुंगत फिरतात. त्यांचा रिवाज एकच: निघेल ते ताडपत्रीवर मांडायचं, पहिली निवड घरमालकाची. वीस वर्षं डेल्बर्टनं तो पाळला. त्या दिवशी व्हिस्कीची चपटी बाटली निघाली, हिरवट, साच्यात फुंकलेली, दोन्ही कडांना साच्याच्या जोडाची रेघ, अंगावर गरुड, बूचसुद्धा शाबूत. त्याची नियत फिरली आणि बाटली शर्टात गेली.

"एवढंच?" ऑर्फाबाईंनी विचारलं.

"एवढंच. तुमच्या सासरचे फारच सोवळे दिसतात."

म्हातारी हसली नाही. "ह्यांचे पणजोबा काचेच्या भट्टीत कामाला होते. बाटली फुंकता फुंकताच गेले. ती बाटली घरच्यांनी ह्या खड्ड्यात टाकली. सापडली तर माझ्या हातात दे. बाहेर न्यायची नाही."

"नाही दिसली बुवा. खड्डा उद्या बुजवतो."

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. लोर्ना आत घोरत होती. डेल्बर्टनं स्वयंपाकघरात बाटली धुतली, पुसली, बूच काढलं.

काच धुरकटली. त्यानं फडकं फिरवलं. वाफ आतून होती. विरली. पुन्हा आली.

वाफ आली की लोर्नाचं घोरणं थांबत होतं.

"लोर्ना?"

वाफ विरली. आत लोर्नानं धापा टाकत श्वास घेतला.

घाबरून त्यानं बूच दाबलं. घट्ट. आता वाफ विरेना. आणि आतल्या खोलीत... काहीच नाही. त्यानं दातांनी बूच उपटलं. तोंडावर गरम श्वास आला. आत लोर्ना खोकली.

बाटली घरात राहिली तर बायको सकाळ बघत नाही, एवढं त्याला कळलं. बाटली घेऊन तसाच गाडीत बसला.

ऑर्फाबाई पायरीवर बसल्या होत्या. कपडे दिवसाचेच.

"पहिली निवड माझी ना?"

डेल्बर्टनं बाटली पुढं केली.

"ठेव ताडपत्रीवर."

त्यानं ठेवली. त्यांनी ती खड्ड्यात सोडली. पडल्याचा आवाज आला नाही. उजाडेपर्यंत तो माती लोटत होता, त्या बघत होत्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

घरी लोर्ना कॉफी करत होती. जिवंत बघून तो दारातच रडला.

"रडायला काय झालं? माझ्या कुशी बघ जरा. रात्रभर कुणीतरी दोन्हीकडून आवळल्यासारखं वाटत होतं."

त्यानं गाऊन वर केला. दोन्ही कुशींवर काखेपासून कमरेपर्यंत बारीक, सरळ, उठलेली रेघ. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं काचेवर राहते तशी. डेल्बर्टच्या अंगठ्यानं ती लगेच ओळखली.