खरवडलेली जागा

मंगळवारी सकाळी सव्वादहाला जुन्या गिटारची पाठ सुटली. आत, जिथे अक्षरं असायला हवी होती, तिथे कोरं लाकूड होतं.

खोलीत दोघीच होत्या. गिटार उघडणारी बाई एकसष्ट वर्षांची, तारांची वाद्यं घडवणारी. गल्ली तिला पाठीमागे ‘कानस’ म्हणायची, हातातल्या हत्यारावरून आणि जिभेवरूनही. तिच्या कानावर ते आलं होतं आणि नाव चपखल आहे असं तिचं मत होतं. खिडकीपाशी स्टुलावर बसलेली दुसरी बाई तिची वहिनी. कानसचा थोरला भाऊ, दादा, जाऊन तीन वर्षं झाली होती.

“कोरं आहे, वन्सं,” वहिनी म्हणाल्या.

“मला डोळे आहेत.”

ही गिटार भावंडांच्या कारखान्यातली पहिली. जगाच्या लेखी ती दादाची. दादा गिऱ्हाइकांशी बोलायचा, कागदांवर सह्या करायचा, फोटोत मधोमध उभा राहायचा. लाकूड पारखणं, तबली, म्हणजे तारांखालची समोरची पातळ फळी, तासणं आणि तिच्या आत आधाराच्या पट्ट्या बसवणं हे सगळं कानसचं. खपणारी एक आणि मिरवणारा दुसरा, असं वर्षानुवर्षं चाललं. तिने तोंड उघडलं नाही, कारण तिच्याकडे पुरावा होता. वाद्य घडवणारा माणूस पेटी बंद करण्याआधी तबलीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने चार शब्द लिहून ठेवतो. ते कुणाला दिसत नाहीत. वाद्य उघडलं तरच दिसतात. चाळीस वर्षांपूर्वी तिने तारीख, स्वतःचं नाव आणि खाली ‘हे मी केलं’ असं लिहिलं होतं. दादा त्या दिवशी गावातच नव्हता. पेन्सिल ठेवल्यावर पाव तासात तिने स्वतः सरस लावून पाठ बसवली होती.

आता संगीतशाळेत दादाच्या नावाचं दालन होणार होतं आणि तिथे ही गिटार हवी होती. काचेत निजवलेली नको, वाजती हवी. पण तिच्या बाजूंना कीड लागली होती आणि दांडी वाकली होती. म्हणून तबली आणि पाठ तेवढी वाचवायची, ती कडेने बोटभर कापायची, बाजू आणि दांडी नवी करायची आणि लहान अंगाची नवीच गिटार उभी करायची असं ठरलं. दालनातल्या पाटीवरून मात्र नणंद-भावजयीची जुंपली. शेवटी वहिनींनी शब्द दिला, की आत तुमचं अक्षर निघालं तर पाटीवर आधी तुमचं नाव. म्हणून त्या आज साक्षीला बसल्या होत्या.

कानसने दिवा खाली आणला. तबलीच्या मधोमध तळहाताएवढी जागा खरवडलेली होती. तिने जाडी मोजली. तिने ही फळी दोन पूर्णांक सहा मिलिमीटरवर सोडली होती. या जागी ती दोन पूर्णांक चार भरली.

“आधीच खरवडलं असेल ह्यांनी,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“मी लिहिलं, मीच बंद केलं. सरसाची रेघ तुमच्यादेखत फोडली, ती माझीच होती, अखंड. मधे कोण शिरलं, उंदीर?”

“गेलेल्या माणसावर आळ घेऊ नका. उत्तर द्यायला ते इथे नाहीत.”

“होता तेव्हा तरी कुठे देत होता?”

वहिनींनी सुटलेली पाठ मांडीवर घेतली. “इथे ह्यांच्या नावाची चिठ्ठी होती. गोल भोकातून हात घालून लावायचे. तीनदा लावली आणि तीनदा गेली. म्हणायचे, सरस धरत नाही. मग नाद सोडला.”

“माझा सरस धरतो,” कानस म्हणाली. तिने पाठीची ती जागा मोजली. बाकी पाठ तीन मिलिमीटर होती, तिथे दोन पूर्णांक चार. ओल असेल, असं तिने त्या वेळी धरलं.

“नवी गिटार तरी मीच बांधतेय ना?” ती म्हणाली. “आत मी लिहीन. बंद करायच्या आधी या आणि फोटो काढा.”

वहिनी काही वाईट बाई नव्हत्या. “येईन,” त्या म्हणाल्या, “नव्या कामाला माझी ना नाही.”

पुढचे तीन आठवडे कानसने रागाच्या भरात, पण केसाचाही फरक न पडू देता काम केलं. बाजूच्या पट्ट्या भिजवून गरम नळीवर वाकवल्या. दांडी कोरली. गुरुवारी दुपारी तबली नव्या बाजूंवर बसली. चार वाजता तिने आत तारीख, नाव आणि ‘हे मी केलं’ लिहिलं, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि कुलूप लावून घरी गेली. वहिनी शुक्रवारी नऊला येणार होत्या.

शुक्रवारी पावणेनऊला तिने कुलूप उघडलं. फडकं जसंच्या तसं होतं. त्याखाली लाकूड कोरं होतं, आणि पेटीत कांद्याच्या सालीइतके पातळ, गुंडाळलेले पापुद्रे पडले होते. तिने एक उलगडला. त्यावर पेन्सिलीचा करडा तुकडा होता, ‘मी’ची वेलांटी.

जाडी दोन पूर्णांक दोन.

वहिनी दारात आल्या तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. “दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे.”

“माझ्या पर्समध्ये आहे. आणि वन्सं, मला भोपळ्याची साल काढायची तर अर्धा भोपळा जातो. मी हे काढीन?”

तिने पापुद्रे पुन्हा पाहिले. एकसारखे, न तुटलेले. खरंच, हे शिकाऊ हाताचं काम नव्हतं. चोरी करणाऱ्याला काम येत होतं, याचा तिला जास्तच संताप आला.

कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने दुपारी कुलूप बदललं. “जुन्यालाही काही झालेलं नाही, ताई,” तो म्हणाला. “कुणी हात लावलेला नाही.”

“मग नवं का बसवतोस?”

“तुम्ही सांगितलं म्हणून. तुम्हाला नाही कोण म्हणणार?”

सोमवारी तिने पेन्सिल बाजूला ठेवली. तार तापवली आणि अक्षरं लाकडात डागली. डागलेलं अक्षर पुसून जात नाही. सहा वाजता नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या कनवटीला लावून ती घरी गेली.

मंगळवारी सकाळी आठला अक्षरं नव्हती. पापुद्र्यांना जळकट वास होता.

जाडी दोन मिलिमीटर.

तिने आधी स्वतःचे अंगठे पाहिले. लाकूड खरवडायचं पातं म्हणजे हातात मावणारा पोलादाचा चौकोनी पत्रा. दोन्ही अंगठ्यांनी दाबून ओढलं की तो तापतो, पोळतो, अंगठ्यांवर फोड उठतात. तिचे अंगठे मऊ होते. महिनाभर तिने पातं हातात धरलं नव्हतं. धरणार कसं? मागच्या महिन्यात ते फरशीवर पडलं होतं आणि कडेला बारीकशी खाच पडली होती. अशी कड ओढली की खाचेखाली केसाएवढी उंच रेघ उरते. घासून काढू म्हणत ते राहूनच गेलं होतं.

तिने दिवा आडवा धरला.

कोऱ्या जागेत तीच एक रेघ होती.

म्हणजे चोराने तिचंच पातं वापरलं होतं. इथवर हिशेब जुळत होता, आणि ती त्याला ऐकवायच्या शिव्या मनात जुळवूही लागली होती. मग तिची नजर टेबलावरच्या पाठीवर गेली. ती अजून बसवायची होती. चिठ्ठीची जागा वरच होती. तिने ती खिडकीपाशी नेली आणि उन्हात तिरपी धरली.

तिथेही रेघ होती.

तिने पातं आणून त्यावर टेकवलं. खाच रेघेवर चपखल बसली. दादाने शेवटची चिठ्ठी लावल्याला तीस वर्षं झाली होती. खाच पडून सहा आठवडे.

मग तिने पातं फडक्यात गुंडाळलं आणि खणात घालून खणाला कुलूप लावलं. फेकून द्यायला ती अडाणी नव्हती. पोलाद आपण होऊन काही करत नाही.

राहिला प्रश्न नावाचा. दोन मिलिमीटरच्या खाली गेली तर तबली तारांचा ताण पेलत नाही, तिचं पोट आत बसतं. आणखी एकदा लिहिलं तर गिटार राहणार नाही, आणि लिहिलं नाही तर नाव राहणार नाही. तिने पेन्सिल उचलली, तबलीवर धरली आणि खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एक पेटी काही न लिहिता बंद करत होती. तिने सरस लावला. रेघ सरळ आली.

पाटीवर दादाचं एकट्याचं नाव लागलं. समारंभात तिला तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली आणि एका बाईने विचारलं, “तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?” ती म्हणाली, “लांबच्या.”

समारंभाला दीड महिना झाल्यावर, काल दुपारी तीनला, वहिनींचा फोन आला. त्या खुशीत होत्या.

“वन्सं, सगळे म्हणतात, दिवसेंदिवस मोकळी होतेय. मोठा आवाज, भरलेला. शाळेतले सर म्हणाले, दादांचा हात होता तो.”

“हो का.”

“एकच त्रास आहे. मी आत त्यांच्या नावाची चिठ्ठी लावतेय, छापून घेतलेली, तर राहत नाही. तीनदा गेली. आत्ता चौथी लावली. तुमचा तो सरस जरा द्याल का?”

कानसने मनातल्या मनात वजाबाकी केली. दर वेळी दोन दशांश. पाठ त्या जागी दोन पूर्णांक चार होती, त्यातून तीनदा. एक पूर्णांक आठ, आणि आता चौथी.

“वहिनी, ती चिठ्ठी काढा.”

“का म्हणून?” वहिनींचा आवाज बदलला. “एवढ्याशा कागदाचाही राग आहे का तुम्हाला? त्यांचं नाव अजून सहन होत नाही?”

“रागाचा प्रश्न नाही. काढा. आत्ता.”

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, तिकडून उचलला गेला नाही. गिटार शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या दालनात होती. ती खणापाशी गेली, कुलूप काढलं. फडक्याची गाठ तिनेच मारलेली होती, तशीच होती. तिने ती सोडली आणि पात्याच्या कडेवर अंगठा ठेवला.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पातं पोळत होतं.