कार्डाची पाठ

वरच्या मजल्यावरचा नळ कुणीतरी उघडाच ठेवून घरी गेलं होतं. सकाळी कोशाच्या कार्यालयाचं दार उघडलं तेव्हा छतातून पाणी टपकत होतं, आणि टपकत होतं तेही नेमकं एका उघड्या खणात. खणावर चिठ्ठी होती – ‘शांत करणे, समजूत घालणे’. इंग्रजी शब्दांचा हा इंग्रजी-मराठी कोश अर्थाप्रमाणे लावलेला होता. एका अर्थाचे सगळे शब्द एका खणात, प्रत्येक शब्दाला एक कार्ड.

कार्डं तपासणारी तपासनीस रागाने लाल झाली होती. कार्यालयात तिला सगळे ठिणगी म्हणत, अर्थात ती नसताना. तिला ते माहीत होतं.

“नळ बंद करायला हात झिजतात का लोकांचे?” एकेक ओलं कार्ड ती दोरीवर चिमट्याने लटकवत होती. “पॅसिफाय गेलं, सूद गेलं, मॉलिफायची तर शाईच वाहून—”

“अजून चिमटे आहेत?”

तिने वळून पाहिलं. दारात एक उंच, अनोळखी माणूस उभा होता. उत्तराची वाट न बघता त्याने पिशवी खाली ठेवली, बाह्या वर सारल्या आणि तिच्या शेजारी उभा राहून कार्डं लटकवू लागला.

“शांत व्हा, असं मला म्हणू नका,” ती म्हणाली.

“नाही म्हणत. म्हटल्यामुळे कोणी झालंय का आजवर?”

तिला हसू आलं… आणि हसू आल्याचा राग आला.

“तुम्ही कोण पण?”

“वर विम्याच्या कचेरीत निघालो होतो. मुलाखत आहे. मजला चुकला.”

“अहो, मग जा ना!”

“सुरू होऊन दहा मिनिटं झाली.” त्याने शेवटचं कार्ड उन्हाकडे धरलं. “आता एवढं ‘लल’चं कार्ड वाळत घालतो आणि जातो.”

तो गेला नाही. मुख्य संपादिकाबाई आल्या, त्यांनी त्याचं अक्षर पाहिलं, तो आधी शाळेत इंग्रजी शिकवायचा हे ऐकलं, आणि भिजलेला खण नव्याने लिहायला त्याला सहा आठवड्यांसाठी ठेवून घेतलं. कार्यालयात त्याचं नाव पडलं चिमटेवाले.

बाईंचे नियम कडक होते. कार्डावरचं उदाहरण मनाने रचायचं नाही. ते खरोखर ऐकलेलं किंवा पाहिलेलं हवं. समोरच्या बाजूला शब्द, अर्थ आणि वाक्य. कुणाचं, कुठे, कधी ते पाठीमागे. तपासनीस फक्त पुढची बाजू वाचणार, म्हणजे माणूस बघून मत फिरायला नको. वाक्य बनावट वाटलं की लाल फुली. दहापेक्षा जास्त फुल्या पडल्या तर लिहिणाऱ्याची मुदत वाढत नसे.

दुपारी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, दोरीवरची कार्डं वाऱ्याने हलायची आणि दोघं शब्दांवरून भांडायचे.

“अपीज आणि सूद, फरक सांगा,” ती म्हणायची.

“अपीज म्हणजे मागेल ते देऊन टाकायचं, की समोरचा गप्प. सूद म्हणजे… काही द्यायचं नाही. नुसतं जवळ बसायचं.”

“आणि तुम्ही रोज न मागता चहा आणून देता, ते कशात बसतं?”

तो पेनाचं टोपण लावत म्हणायचा, “ते अजून खणात लावलेलं नाही.”

ती घाईघाईने खिडकीबाहेर बघायची. चहा निवून जायचा. तिच्या लक्षातही यायचं नाही.

पण रात्री अंथरुणावर पडलं की एक जुनं वाक्य आठवायचं. गेल्या वर्षी लग्नाचं जवळजवळ ठरल्यावर एकाने पाय मागे घेतला होता. ‘तुझ्याजवळ बसलं की चटके बसतात,’ असं म्हणून गेला. आई अजून म्हणायची, “जिभेला जरा लगाम घाल बाई, नाहीतर या घरात शेवटपर्यंत आपण दोघीच.”

आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या कार्डांवर ‘ती’ येऊ लागली.

‘अलेय – घाबरलेल्या माणसाची भीती तिने बोलता बोलता घालवली.’ ‘लल – तिच्या गुणगुणण्याने खोलीभर सुस्ती पसरली.’ ‘मॉलिफाय – तणतणत आलेला माणूस तिच्याशी बोलून हसत परत गेला.’

“ही ‘ती’ कोण हो?” तिने शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

“पाठीवर लिहिलंय.”

“पाठ मला बघता येत नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि असा काही हसला की तिने घाईने पुढचं कार्ड ओढलं.

म्हणजे आहे कुणीतरी. मऊ आवाजाची, गुणगुणणारी, लोकांना हसत परत पाठवणारी. तिने लाल पेन उचललं. अशा बायका कोशात असतात, घरात नसतात! फुली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. सहाव्या आठवड्याच्या गुरुवारी अकरावी पडली.

त्याने गठ्ठा चाळला. “सगळी बनावट?”

“सगळी.”

“बरं.”

तो भांडला असता तर चाललं असतं. ते ‘बरं’ तिला दोन दिवस टोचत राहिलं.

शनिवारी, त्याच्या शेवटच्या दिवशी, बाईंनी तिला आत बोलावलं. “तुझ्या फुल्या मान्य करायच्या तर याला आज निरोप द्यावा लागेल. पण त्याआधी माझी एक अडचण आहे.” त्यांनी कार्डं एकामागून एक उलटी केली.

‘पुस्तक-बांधणीवाले काका, डोळ्यांच्या ऑपरेशनची भीती. भीती घालवणारी – तपासनीस. जिन्यात, सोमवारी.’

‘गुणगुणणारी – तपासनीस. कार्डं लावताना, दुपारी तीन.’

‘तणतणत आलेले विमा कचेरीचे साहेब. बोलणारी – तपासनीस. दारात.’

“एकाच व्यक्तीची अकरा उदाहरणं कोशात घेता येत नाहीत,” बाई म्हणाल्या. “तूच सांग त्याला.”

तिचे कान तापले. “बाई, ही मी नाही. काकांना तर मी अख्खा जिनाभर ओरडत होते!”

“हो ना. आणि तुझं ओरडणं ऐकता ऐकता ते घाबरायचं विसरले. येऊन सांगितलंय त्यांनी मला.” बाईंनी चष्मा काढला. “अगं, ऊबही तिथूनच येते, जिथून चटका येतो. एवढी वर्षं तपासतेस, पण स्वतःची पाठ कुणाला दिसते?” मग त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं. “हे आज सकाळी दिलंन.”

‘सूद – ती शेजारी बसली की आतला गलबला थांबतो.’

तिने ते उलटं केलं. नेटक्या अक्षरात लिहिलं होतं – ‘कुठेही ऐकलेले नाही. माझ्या मनातले आहे. नियमात बसत नसल्यास बाद करावे.’

ती कार्ड घेऊन धावत बाहेर आली, तेव्हा तो पिशवी घेऊन जिन्याच्या वळणावर पोचला होता.

“थांबा!” तिचा आवाज साऱ्या मजल्यांवर गेला. “हे वाक्य कुणी बोललेलं नाही.”

“नाही.”

“मग ते बाद होईल.”

“होऊ दे…”

“होऊ दे काय, होऊ दे! इतके आठवडे कार्डाच्या पाठीवर लिहीत बसलात. समोर बोलता येत नव्हतं? मी किती जळले त्या ‘ती’वर, माहितीये?”

तो पहिल्यांदाच गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू, दोरीवरचं कार्ड वाळत जावं तसं, काहीतरी उजळत गेलं.

“जळलात?”

“फुल्या कशाला मारल्या मग मी! ऐका. अकराच्या अकरा खोडते. पण बाई म्हणतात, एकाच व्यक्तीची इतकी उदाहरणं चालत नाहीत. नवी शोधावी लागतील.”

“त्याला तर आणखी सहा आठवडे लागतील.”

“निदान,” ती म्हणाली. “आणि हे कार्ड… याला एकच उपाय आहे. बोला. मोठ्याने. मी ऐकते.”

खालून कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. त्याने पिशवी खाली ठेवली.

“तुम्ही शेजारी… तू शेजारी बसलीस, की… आतला गलबला थांबतो.”

तिने कार्ड कठड्यावर ठेवलं, पाठीवरचं जुनं लिखाण लाल पेनाने खोडलं आणि खाली लिहिलं – ‘ऐकले : जिन्यात, शनिवारी, दुपारी.’ अक्षर वाकडं आलं.

“पुन्हा एकदा म्हणा,” मान वर न करता ती म्हणाली. “नोंद बिनचूक हवी.”

या वेळी तो अडखळला नाही.