वेरांथच्या विहिरीवरची मोटर

मातीच्या पिशवीसोबत आलेल्या चिठ्ठीवर शेताचा नकाशा काढलेला होता. चार बोटं लांब, तीन बोटं रुंद. एका नागमोडी रेघेवर नऊ आकडे, म्हणजे माती घेतलेल्या नऊ जागा, प्रत्येक आकडा धुऱ्याच्या बांधापासून नीट आत. वरच्या कोपऱ्यात विहीर होती, म्हणजे एक गोल, आणि त्या गोलाच्या डाव्या काठाला चिकटलेला एक छोटासा भरीव चौकोन.

महामायाने चिठ्ठी खाली ठेवली. पुन्हा उचलली. साखरखेर्ड्याच्या या माती परीक्षण केंद्रात तिला दीड वर्ष झालं होतं. शेतकऱ्यांनी काढलेल्या शेकडो विहिरी तिने पाहिल्या होत्या, पण हा चौकोन फक्त एकाच ठिकाणी पाहिला होता... आणि ते ठिकाण या जगातलं नव्हतं.

"हा चौकोन कशाचा?" तिने विचारलं. आवाज जमेल तेवढा कामाचा ठेवला.

टेबलापलीकडचा तरुण पुढे वाकला. उन्हातून गाडीवर आल्यामुळे त्याच्या भुवयांवरसुद्धा धूळ बसली होती. "मोटर हाय मॅडम. विहिरीवरची." मग जरा गोंधळून, "काऊन? मोटर काढायची नसते का?"

"काढा की," ती म्हणाली. "रिपोर्ट सोमवारी मिळेल."

चिठ्ठीवर नाव होतं — धम्मरत्न भाऊराव इंगळे, सुलतानपूर. तो गेल्यावर तिने ते नाव दोनदा वाचलं. मोटर! आणि ती खुदकन हसली. कोपऱ्यात लाकडी मोगरीने ढेकळं फोडत बसलेल्या सोजराबाईंनी मान वर केली. "काय झालं वं माय? मातीत गुदगुल्या निघाल्या का?"

हसण्यामागे दोन वर्षांपूर्वीची गोष्ट होती. एमएस्सीचा निकाल लागला त्याच आठवड्यात महामायाला टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. पुस्तक उघडलं की अक्षरं डोळ्यांवरून घसरायची. तेव्हा भावाने आपला जुना लॅपटॉप तिच्या उशाशी आणून ठेवला. त्यात 'वेरांथ' नावाचा खेळ होता. जादूगार, उडत्या सापांचे किल्ले, बोलणारी अरण्यं. सगळं इंग्रजीत, आणि रस्ता म्हणून सापडेना. शोधता शोधता तिला मराठीतली एक गाईड मिळाली. लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं 'वाटाड्या'. प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली: आधी पाणी प्या. मग सुरू करा.

महामाया रोज सकाळी त्याच पाण्यासोबत गोळ्या घ्यायची.

अरण्यात हरवलात तर नागमोडी चाला, तो लिहायचा. धुऱ्याजवळ, झाडाखाली काही शोधू नका, तिथलं खरं नसतं. अगदी मातीचा नमुना घेतात तसंच. भागाच्या शेवटी हाताने काढलेल्या नकाशाचा फोटो असायचा, आणि त्या नकाशांत वेरांथच्या प्रत्येक विहिरीला डाव्या बाजूला एक भरीव चौकोन. हा गुप्त खजिना असणार असं धरून महामायाने तीन संध्याकाळी विहिरींच्या डाव्या बाजू खणून काढल्या होत्या. आता कळलं. बिचाऱ्याच्या हाताला सवयच तशी. जादूच्या राज्यातसुद्धा त्याने पाच एचपीची मोटर बसवून ठेवली होती.

सोमवारी तो आला. रिपोर्ट घेतला, पीएच आठ पॉइंट एक म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं, आणि जाताना नवी पिशवी ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात आणखी एक.

"ह्या पोराचं वावर दोन एकर," सोजराबाई चाळणी हलवत म्हणाल्या, "अन् माती वीस एकराची!"

चौथ्या पिशवीला महामायाने चिठ्ठी त्याच्यासमोर सरकवली. "वेरांथमध्ये वीज कुठून येते हो, वाटाड्या?"

त्याच्या हातातली गाडीची चावी खाली पडली. ती उचलायचं त्याला सुचलंच नाही.

"तुम्ही... तुम्ही खेळता?"

"अकराव्या भागापर्यंत. पुढचा तुम्ही लिहिलाच नाही."

"घ्या!" त्याने कपाळावर हात मारला. "तुम्हीबी तेच. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय ना सुलतानपूरले, दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहीत बसत होतो. कुणाले त्रास नाही. पण एक बाई हाय, 'पीएच सात' नावाची. दर महिन्याच्या एक तारखेले शिव्या घालते. 'काम हाती घेतलं तर पुरं करावं.' 'आळसावर औषध आहे का?' मी तर एक तारखेले मोबाइलच उघडत नाही!"

"फार वाईट बाई दिसते."

"वाईट नाही हो," तो हळूच म्हणाला. "नीट वाचते. सहाव्या भागात मी पूल चुकीचा दाखवला होता, तिनंच सांगितलं. कधी भेटली तर..." तो थांबला. समोरच्या बाटलीवरच्या लेबलाकडे त्याची नजर गेली: बफर द्रावण, पीएच ७. मग तिच्याकडे. मग पुन्हा बाटलीकडे.

महामायाने चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"आज तारीख किती?" त्याने विचारलं.

"एक."

सोजराबाईंनी मोगरी बाजूला ठेवली आणि उगाचच बाहेर जाऊन बसल्या.

त्यानंतर मातीच्या पिशव्या आणायची गरज उरली नाही. तो नुसताच यायचा. कधी आंबट बोरकूट, कधी गरम भजी... आणि गप्पा. खेळातल्या शेवटच्या दाराचा, म्हणजे न लिहिलेल्या बाराव्या भागाचा, विषय निघाला की मात्र अडायचा. वेरांथच्या त्या दारातून एकट्याने जायचं की सोबत्याला घेऊन, ते तिथेच ठरवायचं असतं. एकदा ठरलं की परत फिरता येत नाही. महामाया दीड वर्ष त्या दारात उभी होती. पुढे काय होतं हे आधी कळल्याशिवाय पाऊल टाकायचं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"सांगा ना."

"नाही सांगणार. ते ज्याचं त्यानं ठरवावं. आता माझं ऐका..." त्याने चहाचा कप गोल फिरवला. "आईले घेऊन येऊ का तुमच्याकडे?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "सांगते," ती म्हणाली.

'सांगते'ला तीन आठवडे झाले. तिची आई, आशाबाई, रोज एकच म्हणायची, "पोरगा चांगला आहे. ते आजारपण आता कशाले काढतेस? बरी झालीस ना!" महामायाला ते पटत नव्हतं. आकडा गाळलेला रिपोर्ट तिने आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. पण सांगितल्यावर त्याचा चेहरा कसा होईल, हे कुठल्याच गाईडमध्ये लिहिलेलं नव्हतं... आणि तो चेहरा तिला गमवायचा नव्हता.

चौथ्या आठवड्यात तो आला तो चार घड्या घातलेला कागद घेऊन.

"बारावा भाग," तो म्हणाला. "आजवर कुणालेच दिला नाही. तुम्हाले म्हणून लिहिला. तुम्ही त्या दारात अडकून राह्यल्या, अन् मी इकडं 'सांगते'मध्ये."

तिने कागद हातात घेतला. उघडला नाही.

"मला टीबी झाला होता," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. सहा महिने. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. तुमच्या आईंना कळलं पाहिजे, नंतर नाही, आधी."

बाहेर एसटी उभी राहिली आणि निघून गेली. धम्मरत्न तिच्याकडे पाहत होता. तिने अंदाज बांधले होते, त्यातला एकही चेहरा हा नव्हता.

"गोळ्या पुऱ्या केल्या?"

"एकही चुकली नाही. रोज सकाळी तुमची गाईड उघडायची, 'आधी पाणी प्या' वाचायचं, आणि घ्यायच्या. काही दिवस तर उठावंसंच वाटायचं नाही... पण पुढचा नकाशा पाहायचा असायचा." तिने कागदाच्या घडीवरून बोट फिरवलं. "मी फक्त भांडले तुमच्याशी. आभार कधी मानलेच नाहीत. आज मानते."

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "ते माझं नव्हतं. मी खेळाले बसलो की आई स्वयंपाकघरातून वरडायची, 'बे धम्या, आधी पाणी पे, मंग बस त्या डबड्यापुढं!' तेच लिहून टाकलं." त्याने डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि हसला. "आभार माझ्या आईचे, बेबीताईचे. तिले सांगितलं ना कुणाच्या कामी आलं ते... गावभर मिरवन ती."

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. त्याने तो तिच्याकडे सरकवला. महामाया सगळं पाणी प्याली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

मग तिने तो कागद, तसाच घडी घातलेला, त्याच्या खिशात ठेवला.

"वाचत नाही?"

"नाही."

"पुढं काय होते ते कळणार नाही मंग."

"नको कळू दे." तिने चष्मा नीट केला आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. "रविवारी आईंना घेऊन या. माझा होकार आहे."