राणीच्या सज्ज्यावरची काच

"ही काच कालची नाही," मुंगी म्हणाली.

राणीच्या सज्ज्याच्या उंबऱ्याशी ती उकिडवी बसली होती. समोरच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक बारीक तडा गेला होता आणि त्या तड्यावर बोटाएवढी काचेची पट्टी आडवी बसवलेली होती, दोन्ही टोकांना चुन्यानं चिकटवून. मागं पर्यटकांची रांग खोळंबली होती.

"काचेवर काय तारीख लिहिलेली असते?" वकिलानं विचारलं.

"कालच्या काचेवर होती. कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेली. हिच्यावर नाही. आणि चुना बघ, अजून ओला आहे. बोट लावलं तर ठसा उमटतोय."

वकील हा तिचा मावसभाऊ. वय वर्षं तेरा, पण 'पाणी पी' म्हटलं तरी आधी 'का?' विचारणार, म्हणून वकील. मुंगी त्याच्याहून वर्षानं लहान, अंगानं काटकुळी, पण एखाद्या गोष्टीच्या मागं लागली की सोडायची नाही. आणि तिसरा चिंगम, मुंगीचा नऊ वर्षांचा भाऊ, दिसेल त्याला चिकटणारा. सुट्टीत मावशी आणि काका तिघांना हे जुनं शहर दाखवायला घेऊन आले होते. तटबंदी, मनोरा आणि राजवाडा यांचा मिळून तीन दिवसांचा पास होता, आणि पास वाया घालवायचा नाही हा काकांचा बाणा असल्यामुळं ते सगळे दुसऱ्या दिवशीही राजवाड्यात हजर झाले होते.

ती काच कशासाठी, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. राजवाड्यातल्या म्हाताऱ्या गाईडनं ती दाखवली होती. चिंगमनं त्यांना पाच मिनिटांत 'गाईडआजोबा' करून टाकलं होतं.

"ही या सज्ज्याची नाडी," ते म्हणाले होते. "भिंत केसभर हलली तरी काच तडकते. मग सज्जा बंद करायचा आणि वर कळवायचं. तसा नियम आहे."

"म्हणजे काच तडकली, आणि कुणीतरी गुपचूप नवी लावली," वकील आता म्हणाला. वाद घालायला त्याला काही सापडेना, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मुंगीला कळलं.

सज्ज्यावर दोन नव्याकोऱ्या दुर्बिणी कापडात गुंडाळून उभ्या होत्या. त्यांचे लोखंडी खांब मांडीएवढे जाड, आणि दगडी फरशीला भोकं पाडून बोल्टांनी आवळलेले. बाजूला फलक होता: उद्या सकाळी अकरा वाजता, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन.

"ताई, इकडे ये," चिंगम जिन्यामागून कुजबुजला.

तिथं चुन्यानं माखलेली एक बादली होती. तळाशी काचेचे तुकडे. वकिलानं ते रुमालावर ओळीनं मांडले. सात पट्ट्या झाल्या, सातही बरोबर मधोमध मोडलेल्या. पहिल्या तीन पट्ट्यांवरच्या तारखांमध्ये वर्षावर्षाचं अंतर होतं. उरलेल्या चारही याच महिन्यातल्या होत्या.

"दुर्बिणी बसवल्यापासून," मुंगी म्हणाली.

इतक्यात किल्ल्यांचा आवाज आला. राजवाड्याच्या सुपरवायझरच्या कमरेला एवढा मोठा जुडगा होता, की माणसाच्या आधी आवाज पोहोचायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं खुळखुळा.

"ती बादली ठेवा खाली," तो शांतपणे म्हणाला.

"या काचा कशानं फुटल्या?" मुंगीनं विचारलं.

"झाडताना धक्का लागतो."

"सात वेळा?" वकील म्हणाला. "आणि सातही वेळा मधोमध?"

खुळखुळ्यानं तुकडे रुमालासकट उचलून बादलीत टाकले. "सुट्टीला आलात ना बाळांनो? मग सुट्टी करा." रुमालही त्यानं परत दिला नाही.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, तेही नकाशा दुमडता दुमडता. "अरे, त्यांच्याकडे इंजिनिअर असतात. आपण दोन दिवसांचे पाहुणे. नसत्या भानगडीत कशाला पडायचं?" मावशी म्हणाली, "जिथं जाऊ तिथं तुम्हाला काहीतरी मोडकंच दिसतं."

तिकीटखिडकीतल्या बाईंनी तक्रारपेटीकडे बोट दाखवलं. वकिलानं वहीचं पान फाडून मोठ्या झोकात तक्रार लिहिली, पण ती आत जाईना. पेटी तोंडापर्यंत भरलेली होती. कुलूप गंजून एकजीव झालं होतं.

"किल्ली कुणाकडे असते?" त्यानं विचारलं.

"सुपरवायझरसाहेबांकडे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

राहिले गाईडआजोबा. ते मागच्या अंगणात ओट्यावर बसून डबा खात होते. मुंगीनं त्यांना सातही काचांचं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"सात नाहीत," ते म्हणाले. "अकरा. चार मीच नेऊन टाकल्या."

मुंगीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"पहिली फुटली तेव्हा मी अर्ज केला. दुसरी फुटली तेव्हा दोन केले. मला म्हणाले, आजोबा, तुम्ही गोष्टी सांगा, भिंतींचं आम्ही बघतो. तिसऱ्या वेळी म्हणाले, बिल्ला काढून ठेवा आणि घरी बसा." त्यांनी छातीवरच्या पितळी बिल्ल्यावर हात ठेवला. "घरी बसून मी काय करू? माझ्या सगळ्या गोष्टी इथल्याच आहेत."

"पण उद्या तिथं पन्नास माणसं उभी राहणार."

"आजवर पडला नाही. म्हणून उद्याही पडणार नाही, असं सगळे म्हणतात. आता मीही तसंच म्हणतो." त्यांनी डबा मिटला. पुढच्या पर्यटकांची वेळ झाली होती.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत तिघं पलंगावर बसले होते. मुंगी आजोबांचंच बोलणं मनात घोळवत होती. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगता येतं. ज्याला ठाऊक आहे त्याला काय सांगायचं?

"आपण धोक्याची पाटी लावू," वकील म्हणाला.

"उपयोग नाही," चिंगम म्हणाला. "तटबंदीवर धोका लिहिलं होतं, तिथंच काका आधी चढले."

"मग माणसं घाबरतात तरी कशाला?"

चिंगमनं आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. बाहीवर हिरवा पट्टा होता. राजवाड्याच्या फाटकाला रंगारी रंग देत होते, आणि चिंगम फाटकालाही चिकटला होता. त्यावरून मावशीनं त्याला तासभर झापलं होतं.

"कपडे खराब व्हायला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडल्याबरोबर तिघं आत शिरले. वकिलानं रंगाऱ्यांना गाठलं आणि हिरवाच रंग का, निळा का नाही, यावर असा काही वाद काढला, की दोघंही ब्रश खाली ठेवून त्याला समजावू लागले. तेवढ्यात एक छोटा डबा, एक ब्रश आणि 'रंग ओला आहे' अशी पाटी तिथून नाहीशी झाली.

सज्ज्याशी आल्यावर मुंगीनं चिंगमला उंबऱ्याआड थांबवलं.

"मी हलका आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही." मग तिनं स्वतःलाच बजावलं, "फक्त लोखंडाला. दगडाला थेंबही लागता कामा नये."

ती रांगत पुढं गेली. आजची काचही मधोमध मोडली होती. ती बदलायला अजून कुणी आलं नव्हतं. दुर्बिणींचे खांब आणि नवा लोखंडी कठडा तिनं भराभर रंगवला. फरशीखालून सारखा बारीक आवाज येत होता, पोत्यातून वाळू गळावी तसा. शेवटचा खांब अर्धाच राहिला, आणि ती तशीच मागं सरकत परत आली. वकिलानं उंबऱ्यावर पाटी ठेवली.

अकराला उद्घाटनाच्या पाहुण्या बाई आल्या. पायघोळ, पांढरेशुभ्र कपडे. मागं चाळीस-पन्नास माणसं, त्यांत काका आणि मावशीसुद्धा. खुळखुळ्यानं पाटी पाहिली आणि तो पायानं ती सारणार, इतक्यात चिंगम पुढं झाला. त्यानं दोन्ही तळवे पाहुण्यांसमोर धरले. डब्यात बुडवून मनगटापर्यंत हिरवेगार केलेले.

"सगळीकडं लागतो," तो म्हणाला. "निघत पण नाही."

पाहुण्या दोन पावलं मागं सरल्या. त्यांच्यामागची सगळी माणसं चार पावलं सरली. "मग आपण आतल्या दालनातच करू ना," त्या म्हणाल्या. "दुर्बिणी नंतर बघता येतील."

"कुणी केलं हे?" खुळखुळ्यानं वकिलाची कॉलर धरली.

"मी केलं," मुंगी म्हणाली.

"नाही, मी सांगितलं होतं." गाईडआजोबा गर्दीतून पुढं आले. हे साफ खोटं होतं. ते जाऊन उंबऱ्यावर आडवे उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. "आज इथून कुणी पुढं जायचं नाही."

खुळखुळा त्यांना बाजूला करायला निघाला, तेवढ्यात आजोबांच्या पाठीमागं आवाज झाला. फार मोठा नव्हता. दूरच्या घरात कुणी जड दार लावावं तसा. आधी डावी दुर्बीण कलली, मग फरशी वाकली, आणि पूर्ण सज्जा भिंतीपासून सुटून खालच्या कोरड्या खंदकात गेला. खंदकात उतरायला वाट नव्हती, त्यामुळं खाली कुणी नव्हतं. धूळ मात्र वर आली, आणि ती बसल्यावर चौकटीपलीकडं नुसतं आभाळ दिसलं.

मावशीनं तिघांना इतकं घट्ट धरलं, की तिच्या साडीला हिरवा रंग लागला. पुढं चौकशी झाली. दुर्बिणींसाठी पाडलेल्या भोकांनी जुना दगड फुटला होता, हे निघालं. बादली सापडली, तक्रारपेटी फोडली गेली, आणि आजोबांचे अर्ज त्यात तळाशी होते. खुळखुळ्याच्या कमरेचा जुडगा काढून घेतला. दुर्बिणींचा हुकूम ज्यांनी दिला, त्यांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

पाहुण्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही पन्नास जीव वाचवलेत. शाबास." काका सगळ्यांना सांगत सुटले, "आमचीच मुलं ही." मुंगी मान खाली घालून उभी होती. पाठीवरचा हात तिला कळतही नव्हता.

"पुन्हा बांधतील ना?" तिनं विचारलं.

पाहणीला आलेल्या इंजिनिअरबाई खंदकाकडे बघत होत्या. "दगडाचा भुगा झालाय गं. नकाशे कधी कुणी काढलेच नाहीत. निदान कुणाकडे फोटो असतील तर बघूया."

सगळ्यांनी मोबाइल काढले. फोटो शेकड्यांनी होते. काका आणि मागं शहर, मावशी आणि मागं शहर, अनोळखी माणसं, त्यांची हसरी तोंडं, मागं तेच शहर. सज्ज्यावरून काढलेले होते सगळे. सज्ज्याचा एकही नव्हता.

"आजोबांना सगळं पाठ आहे," चिंगम म्हणाला.

गाईडआजोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. मुंगी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी डोळे मिटले आणि पर्यटकांना सांगायचे त्याच सुरात सुरुवात केली. "सज्ज्याचे दगडी खांब. डावीकडून पहिला खांब. त्यावर वेल, वेलीला सात पानं. दुसरा खांब. त्यावर दोन मासे, एकमेकांकडे तोंड केलेले. तिसरा खांब..."

मुंगीनं 'तिसरा' असं लिहिलं आणि ती थांबली.

"तिसरा खांब," आजोबा पुन्हा म्हणाले. तीस वर्षं ते रोज त्या खांबाला टेकून गोष्टी सांगत आले होते. त्यांनी पाठ थोडी मागं नेली, जणू तो अजून तिथं असावा. "त्यावर... थांब हं बाळ. सांगतो."

मुंगी थांबली. अंगणातल्या सावल्या सरकल्या, मावशीनं दोनदा हाक मारली, तरी ती पेन्सिल कागदावर टेकवून तशीच बसून राहिली.