तीन नंबरचा प्लग

गाडी मिसिंग मारायला लागली की लोक सगळ्यात आधी पेट्रोलला शिव्या घालतात. पेट्रोल बिचारं गरीब गाय. खरा चोर बहुतेक वेळा ओलावा असतो. प्लगच्या रबरी टोपीत थेंबभर पाणी शिरलं की ठिणगी प्लगमध्ये पडायची सोडून शेजारच्या लोखंडावर उडी मारते. मग तो सिलिंडर रुसून बसतो आणि गाडी उचक्या देत चालते. तीस वर्षं मी हा ओलावा पुसतोय. नजर लागली, ग्रह फिरले, असलं काही माझ्या गॅरेजच्या दारातून आत येत नाही.

नर्सबाईंची गाडी आली ती अशीच उचक्या देत.

"कुणीतरी आठवण काढत असेल तिची," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खदखदून हसल्या.

बाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करतात. महिन्याभरात माझ्या मुलीचं बाळंतपणही त्याच करणार होत्या. त्यामुळे ती गाडी धड असणं ही माझ्याच घरची गरज होती. चालू इंजिनवर मी एकेक वायर उपसून पाहिली. पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर इंजिनला पत्ताच नाही. चोर सापडला! प्लगच्या खोल खाचेत बोटाच्या पेराएवढं पाणी होतं. हवा मारली, टोपी सुकवली, ग्रीस लावलं, गाडी दिली.

तीन दिवसांनी बाई परत हजर. खाचेत पुन्हा तेवढंच पाणी. पाऊस नव्हता, गाडी धुतलेली नव्हती. रेडिएटर काठोकाठ भरलेला, शिवाय त्यातलं पाणी हिरवं. हे स्वच्छ होतं. इंजिन थंडगार होईपर्यंत थांबलो, तरी पाणी कोमटच.

बाईंनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"हे पाणी मी पस्तीस वर्षं हातावर घेतेय."

"कसलं पाणी?"

"बाळाच्या आधी येतं ते."

मी हसलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं, पण शटरच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ मारून ठेवली. मग दुसरी मारली, तिसरी मारली. खाचेत पाणी दिसलं की तासाभरात बाईंना बोलावणं. अकरा वेळा पाणी आलं, अकरा बाळं झाली. सगळी धडधाकट, जन्मल्या जन्मल्या गल्ली डोक्यावर घेणारी. बाई भलत्याच खूश. "माझ्याआधी माझ्या गाडीला कळतं," असं जो भेटेल त्याला सांगायच्या. माझी मात्र झोप उडाली. जे पाणी कुठून येतं ते कळत नाही, ते माझ्या डोक्यातही गळत राहतं.

"असू दे रे," बाई म्हणाल्या. "उचक्या देत का होईना, पोचवते ना?"

पण मी बाप. माझ्या पोरीच्या वेळी गाडी चढावर बंद पडली तर? बाई ऑइल बदलायला गाडी ठेवून गेल्या, तेव्हा त्यांना न विचारताच मी कामाला लागलो. वायरी नव्या, टोप्या नव्या. तीन नंबरच्या खाचेत दिसेल ती फट सीलंटने लिंपून टाकली, तोंडावर रबराची चकती घट्ट बसवली. शटर ओढून अंधार केला आणि चालू इंजिनच्या वायरींवर पाणी फवारलं. एकही ठिणगी बाहेर उडाली नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

रविवारी दुपारी बायकोचा फोन आला. "पोरीला कळा सुरू झाल्यात. बाईंना घेऊन या."

बाईंची गाडी मीच चालवली. काय पळत होती! चढ लोण्यासारखा कापला. मी आनंदात होतो, आजोबा होणार होतो, तोंडाचा पट्टा चालूच होता. बाळाचं नाक कुणासारखं असेल इथपर्यंत मी पोचलो होतो.

बाईंचा कान इंजिनकडे होता.

"आज उचकी नाही देत," त्या म्हणाल्या. "थांबव."

मी थांबवली. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, तीन नंबरची टोपी काढायला लावली, आत बोट घातलं. कोरडं ठणठणीत.

"काय केलंस तू?"

"ओलावा कायमचा बंद केला, बाई."

त्यांनी ते कोरडं बोट रुमालाला पुसलं. खूप वेळ पुसलं.

"चल," त्या म्हणाल्या. का ते सांगता येणार नाही, पण मला भीती वाटली.

पुढचा सगळा रस्ता त्या मागच्या सीटवर बॅग उघडून काहीतरी करत होत्या. मी आरशात पाहिलं नाही.

घराशी पोचलो. बायको दारातच उभी होती. बाई बॅग घेऊन उतरल्या.

मी वळून पाहिलं. सीटवर बाळाचं दुपटं होतं, वर टोपडं. नीट घडी घातलेलं.

"बाई, हे राहिलं!"

त्या पायरीवर थांबल्या.

"राहू दे तिथेच," त्या म्हणाल्या.