शून्याच्या खाली

शेजारच्या मास्तरांची वाचा गेली, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आप्पांनी माळ्यावरून ती अर्धवट पट्टी काढून पुरी केली. हातभर लाकूड, त्याखाली तांब्याच्या पत्र्याचे चार तुकडे आणि एका टोकाला छोटासा पडदा. बोट जिथे टेकेल तिथला आकडा वाढायचा. चार तुकड्यांवर चार शब्द: पाणी, दिवा, दुखतंय, जवळ बस. बायको अंथरुणाला खिळली आणि बोलणंही बंद झालं, तेव्हा तिच्यासाठी करायला घेतली होती. आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता ती गेली. शेवटचे चार दिवस तिची बोटं चादरीवर काहीतरी सांगत होती. काय, ते आप्पांना कळलं नाही, आणि तेच त्यांना आतून खात होतं.

मास्तरांकडे देण्याआधी दुपारी त्यांनी पट्टी तिच्याच पलंगाच्या कडेला बसवून पाहिली.

"लांब उभी राहा गं," ते लेकीला म्हणाले. "चालू करताना जे जवळ असेल, त्याला ही बया शून्य धरते. कुणी बोट टेकवून बसलं असेल तर तेही शून्यच. मग त्याने बोट उचललं की आकडा शून्याच्या खाली जातो."

दोघं भिंतीशी सरकली. आप्पांनी भिंतीवरचं बटण दाबलं. चारही आकडे शून्य.

"झालं की! उगाच वर्षभर रखडवलंत," लेक म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

खोलीत औषधी तेलाचा वास आला. आईला चोळायच्या तेलाची बाटली तर केव्हाच टाकून दिली होती.

मग 'पाणी'चा आकडा घसरला. उणे चाळीस.

"आप्पा... म्हणजे चालू करताना तिथे..."

"कुणी नव्हतं. तार सैल असेल."

'दिवा'चा आकडा चढला, उतरला. मग 'दुखतंय'चा. पडल्या पडल्या कुणी बोट सरकवावं, तसं अगदी सावकाश. शेवटी 'जवळ बस'चा चढला आणि तिथेच थांबला.

लेकीने झटकन बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. चारही आकडे शून्य.

"बघा, गेलं! तारच होती."

आप्पांनी खुर्ची ओढली आणि हात मांडीत घट्ट धरून ते पलंगाजवळ बसले.

"आता काय बघताय?"

"तिने... अजून बोट उचललेलं नाही."

शेजारच्या काकूंनी पट्टीसाठी दोनदा हाक मारली. अंधारून आलं, तरी आप्पांना उठायचा धीर होईना. पडद्यावर शून्य ते शून्यच होतं, आणि तेलाचा वास वाढत चालला होता.