नर्सबाई नोकरी सोडत न्हाईत

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. परतूरच्या स्टेशनकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाचे तंतू तरंगत असलेले... त्या गर्दीतून एक उंच, सावळा माणूस डावा हात छातीशी धरून सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढला. हाताला तेलकट चिंधी गुंडाळलेली. चिंधीतून रक्त झिरपत होतं, आणि चेहऱ्यावर मात्र हसू.

"डॉक्टरसाहेब?"

"जालन्याला गेलेत," दुर्गा म्हणाली. "काय झालं?"

"काही न्हाई. जिनिंगच्या पट्ट्यात हात गेल्ता. जल्दी बांधून द्या, इंजिन चालू ठेवून आलोय."

दुर्गानं चिंधी सोडली. तळव्यावरची जखम राखेनं गच्च भरलेली होती.

"ही राख कुणी भरली?"

"मीच."

"मंग काढायची पण तुम्हीच." तिनं उकळून कोमट केलेल्या पाण्याचं घमेलं त्याच्यासमोर ठेवलं, शेजारी साबण ठेवला.

त्यानं आधी घमेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "दुखंल."

"दुखंल," ती म्हणाली. "मी इथंच आहे की."

दुर्गा शहागडची. ती आठ वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. तीन दिवस पाणी पाणी करत होती, आणि बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून कुणी घोटभर दिलं नाही. उंबऱ्याबाहेर तांब्या घेऊन उभ्या असलेल्या दुर्गालाही आत सोडलं नाही. पुढं बापानं भावकीशी वैर घेऊन तिला हैदराबादला नर्सिंग शिकायला पाठवलं. तीन वर्षं शिकून ती परतूरला आली, तेव्हा तिनं मनाशी एक ठरवलं होतं. माणसाला नुसतं बरं करून पाठवायचं नाही, स्वतःला सांभाळायला शिकवून पाठवायचं.

त्या माणसाचं नाव भुजंग. जिनिंगमधलं इंजिन तो चालवायचा. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि मग येतच राहिला.

"पट्टी सुटली जणू," तो म्हणायचा.

"सुटली, का सोडली?"

"वाऱ्यानं... सुटली असंल."

ती हसू दाबायची आणि पट्टी कशी गुंडाळायची ते पुन्हा दाखवायची. तो नीट बघायचा. पट्टीकडं थोडं, तिच्या कपाळावर आलेल्या बटेकडं जास्त.

एक दिवस जिनिंगमधले तीन हमाल आले. एकाच्या पायाला, दुसऱ्याच्या बोटाला पट्टी. दोन्ही पट्ट्या उकळलेल्या कापडाच्या, घट्ट आणि सरळ बांधलेल्या. तिसरा नुसता सोबतीला आला होता.

"कुणी बांधली?"

"आमच्या भुजंगानं," तो म्हणाला. "हात धुतल्याबिगर जवळ येऊ देत न्हाई आता कुणाला. डोकं उठवलंय त्यानं."

संध्याकाळी भुजंग आला, तेव्हा दुर्गा हाताची घडी घालून दारातच उभी होती.

"दुसऱ्यांच्या पट्ट्या बराबर बांधता म्हणं?"

तो गोरामोरा झाला. "बांधतो कधीमधी."

"मंग स्वतःची येत न्हाई कशी?"

"एका हातानं जमत न्हाई..." तो थांबला. मग तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "जमती. तिसऱ्या दिवसापासनंच जमती. पण जखम भरली तर इथं यायला काय कारण सांगू?"

दुर्गा वळून आत गेली. पण त्या संध्याकाळी औषधाच्या बाटल्या पुसताना तिनं एकच बाटली चार वेळा पुसली.

महिनाभरानं तो वेगळ्याच चेहऱ्यानं आला. "माझ्या आईला बघायला याल? सात महिने झाले, अंथरुणावरनं उठली न्हाई."

त्याची वाडी दुधनेच्या काठाला, परतूरपासून दीड कोसावर. दुर्गा बैलगाडीतून गेली. चतुराबाई, म्हणजे भुजंगची आई, ओसरीच्या कोपऱ्यात पडून होती. मोठ्या तापातून उठल्यावर तिला चालताना एकदा भोवळ आली होती, आणि तेव्हापासून घरच्यांनी तिला हलूच दिलं नव्हतं. सून भरवायची, लेक पाय धुवायचा. प्रेम करण्यात कुणी कसूर केली नव्हती. दुर्गानं तिला कुशीवर वळवलं, तर पाठीला रुपयाएवढ्या दोन जखमा पडलेल्या.

"मावशी, उठून बसायचं," दुर्गा म्हणाली. "आजच."

तेवढ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. चतुराबाईची सून, म्हणजे भुजंगची वहिनी उषाबाई, परवाच बाळंत झालेली. दारं-खिडक्या बंद, आत शेगडीचा धूर, आणि तिच्या ओठांना भेगा पडलेल्या.

"पाणी दिलं का हिला?"

"पाचव्या दिवसाशिवाय देत न्हाईत," कुणीतरी म्हणालं.

दुर्गा सरळ आत गेली. खिडकी उघडली, शेगडी बाहेर काढली. पाणी उकळून निववलं आणि उषाबाईच्या तोंडाला तांब्या लावला. उषाबाई ते पाणी अशी प्यायली, की दुर्गाला क्षणभर पुढचं काही दिसेना. मग तिनं डोळे पुसले आणि बाळाला आईच्या छातीशी दिलं.

भुजंगचा चुलता रखमाजी घरातला कर्ता. तो दारात येऊन उभा राहिला. "कुणाच्या हुकमानं चालू हाय हे? बाळंतिणीला पाणी, अन् म्हातारीला कवायत? जीव घ्यायला आल्यात का?"

दुर्गानं भुजंगकडं पाहिलं. सगळं घर त्याच्याकडं पाहत होतं. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "बाई... आज राहू द्या."

ती पिशवी उचलून निघाली. तो गाडीपर्यंत मागं आला.

"सोडतो परतूरला..."

"पाय आहेत मला," ती म्हणाली. आणि दीड कोस उन्हात चालत गेली.

पुढच्या गुरुवारी ती वाडीवर पुन्हा आली. चालतच. भुजंग ओसरीतून धडपडत उठला, तसं ती म्हणाली, "तुमच्यासाठी आले न्हाई मी. माझी दोन माणसं आहेत इथं." रखमाजीनं दार अडवलं, पण आतून चतुराबाईचा आवाज आला. "येऊ द्या तिला. माझी पाठ तुम्हाला दुखत न्हाई, मला दुखती."

पहिल्या गुरुवारी चतुराबाई भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या गुरुवारी तिनं स्वतःच्या हातानं तोंड धुतलं आणि भाकरी मोडून खाल्ली. उषाबाईला पाठीची जखम धुवायला दुर्गानं शिकवलं, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची हे म्हातारीकडून घोकून घेतलं. चौथ्या गुरुवारी म्हातारी काठी टेकत अंगणात आली आणि उन्हाकडं बघून उगाच रडली. उषाबाई पोराला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. आता तीच शेजारणींना सांगत होती, "पाणी द्या, काही होत न्हाई. मी प्यालेय."

भुजंग हे सगळं लांबून बघत होता. एका दुपारी तो दवाखान्यात आला. हात कधीच बरा झालेला, तरी पाठीमागं लपवलेला.

"त्या दिवशी चुकलो," तो म्हणाला. "आईचे पाय धुताना मला बरं वाटायचं. तिला काय वाटत असंल, कधी विचारलंच न्हाई. अन् चारचौघांत तुमची साथ सोडली, ते तर..."

"ते तर?"

"ते माझं मलाच सहन होईना."

दुर्गा पट्ट्यांच्या घड्या घालत राहिली. तो एकेक शब्द जपून बोलू लागला. "मी घरात सांगितलंय... लगीन करीन तर नर्सबाईंशी. काका म्हणतो, परक्या पुरुषांना हात लावणारी बाई सून म्हणून चालायची न्हाई. नोकरी सोडली तर बघू म्हणतो."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "अन् तुम्ही हे मला विचारायला आलात?"

"न्हाई. मी त्याला काय म्हणलो ते सांगायला आलोय. मी म्हणलो, नर्सबाई नोकरी सोडत न्हाईत. पायजे तर मी घर सोडतो."

तिनं ती घडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या नोकरीचं उत्तर तुम्ही का द्यावं? मीच देते."

रविवारी वाडीच्या लिंबाखाली भावकी जमली होती. दुर्गा नर्सच्या पांढऱ्या लुगड्यातच गेली. रखमाजीनं घसा साफ करून विचारलं, "बोला, काय ठरवलं?"

"मी बायांना हात लावते, पुरुषांना लावते, पोरांना लावते," ती म्हणाली. "माणूस जन्मतो तेव्हा पहिला हात बहुतेक वेळा माझाच लागतो. मरतो तेव्हाही पुष्कळदा मीच शेजारी असते. ह्या हातांची मला लाज न्हाई. लगीन करीन, तर ह्या हातांसकट."

"मंग आमच्या उंबऱ्यात यायचं न्हाई," रखमाजी म्हणाला. "दोघांनी पण."

"तिघांनी," मागून चतुराबाई म्हणाली. सगळे वळले. ती काठी टेकत अंगणातून चालत येत होती. उषाबाई धरायला धावली, तिला तिनं हातानंच थांबवलं. "भुजंगा, गाडी जुंप. सात महिने ह्यांनी मला बिलकुल उठू दिलं न्हाई. आता उठलेय, तर पोराच्या लग्नाला जाते."

"वहिनी, इरेला पेटू नका," रखमाजी म्हणाला.

"भावजी, तुमच्यावर राग न्हाई माझा. पोरीचं पुरुषांना हात लावणं मलाही रुचत न्हाई अजून. पण ते मी अन् ती बघून घेऊ."

गाडी परतूरच्या वाटेला लागली. दोन्हीकडं वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, बैलांच्या घुंगरांचा संथ आवाज. पुढं भुजंग कासरा धरून बसला होता, मागं दुर्गा आणि चतुराबाई. वाडी मागं दिसेनाशी झाली. मग भुजंगनं मान न वळवताच विचारलं, "नर्सबाई... एक राहिलं. तुम्ही भावकीला सांगितलं. मला अजून काहीच सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं?"

"तेच... हो का न्हाई."

दुर्गानं चतुराबाईकडं पाहिलं. म्हातारी डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसली होती, पण कान इकडंच होते. दुर्गा हळूच पुढं सरकली, त्याच्या शेजारी बसली, आणि त्याच्या हातातला एक कासरा आपल्या हातात घेतला.

"नर्सबाई काय म्हणता?" ती म्हणाली. "दुर्गा म्हणा."